ई-हक्कवरची वारस नोंद: निराधारचा पगार चालू असलेल्या घरासाठी कितपत कामाची?

घरातलं माणूस गेलं की शेतजमिनीवर वारसांची नावं लावावी लागतात. महसूल खात्याची ई-हक्क प्रणाली हे काम घरबसल्या करून देते, आणि नाव लावण्यापुरतं बोलायचं तर चांगलं करते. पण ज्या घरात संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळचा पगार (दरमहाचं सरकारी अनुदान) चालू आहे, धान्य प्राधान्य यादीतून येतंय, घरकुलाच्या यादीत नाव आहे, त्या घराला खरा प्रश्न वेगळाच असतो. नाव लागलं तर हे सगळं बंद होईल का? ई-हक्कच्या एकाही पानावर याचं उत्तर नाही. या न मिळालेल्या उत्तरापायी बायका घाबरून हक्कसोडपत्रावर (जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याच्या दस्तावर) अंगठा देतात. म्हणून सेवेचं परीक्षण त्याच बाजूने केलं आहे. नोंद लावण्यासाठी पाचपैकी चार, पुढची वाट दाखवण्यासाठी एक.

आधी सेवा काय देते ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी ३ महिन्यांत द्यायची असते. उशीर झाला म्हणून नोंद नाकारली जात नाही, पण जितका उशीर तितके वारस वाढतात आणि कागद हरवतात. अर्जासाठी महाभूमीच्या संकेतस्थळावरून ई-हक्कवर जायचं, नागरिक म्हणून खातं उघडायचं, ७/१२ फेरफार (उताऱ्यावरच्या बदलाची नोंद) निवडायचा, जिल्हा-तालुका-गाव भरायचं आणि फेरफाराच्या प्रकारांतून ‘वारस नोंद’ घ्यायची. अर्जदाराची माहिती साठवली की अर्ज क्रमांक येतो, तो लगेच वहीत लिहा. पुढे मयताचं नाव किंवा खाते क्रमांक टाकून खातेदार शोधायचा, गट निवडायचे, मृत्यूची तारीख भरायची, मग एकेका वारसाचं नाव, जन्मतारीख, मोबाईल आणि मयताशी नातं. शेवटी मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, ८-अ (गावातल्या एका खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि रेशनकार्ड जोडायचं. स्वयंघोषणा मान्य केली की अर्ज तलाठ्याकडे जातो. (आता पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं आहे, गावात अजून तलाठीच म्हणतात, इथेही तेच म्हटलं आहे.)

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा तीन जागी.

पहिली जागा खाते क्रमांक. एकाच माणसाची एका गावात दोन-तीन खाती असू शकतात, एक स्वतःचं आणि एक भावांसोबत सामाईक. अर्जात एकच निवडलं तर दुसरं मयताच्याच नावावर राहतं आणि ते वर्षांनी लक्षात येतं. म्हणून अर्जाला बसण्याआधी मयताच्या नावाचे सगळे ८-अ काढून घ्या. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. जमीन दोन गावांत असेल तर दोन स्वतंत्र अर्ज लागतात, कारण खाती गावनिहाय असतात.

दुसरी जागा नावातला फरक. सातबाऱ्यावर ‘पांडू’ आणि मृत्यू दाखल्यावर ‘पांडुरंग’ असेल तर अर्ज परत येतो. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच फेरीत जोडलं की हा हेलपाटा वाचतो.

तिसरी जागा सगळ्यात महागात पडणारी: वारस गाळणं. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. आधीच वारलेल्या मुलाची बायको आणि लेकरंही. मुलीचं लग्न झालं म्हणून ती गळत नाही. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी पक्का केला. बहिणीचं नाव न टाकता अर्ज भरला आणि तिने हरकत घेतली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि महिन्याचं काम वर्षावर जातं.

अर्ज नीट असेल तर तलाठी आधी गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत नोंद घेतो, मग नमुना ६ मध्ये फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. नोटीस महसूल खात्याच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या बहिणीला माहेरी आपल्या पाठीमागे काय चाललंय ते इथे कळतं. या सेवेतला हा सगळ्यात चांगला भाग, आणि त्याचा वापर फारच कमी होतो. हरकत नसेल तर महिना धरून चाला. निर्णय पटला नाही तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येतं.

इथवर सेवा चोख. आता मूळ प्रश्न.

नाव लागलं की उताऱ्यावर काय दिसतं

समजा वडिलांच्या नावावर गट क्रमांक २१४, क्षेत्र २ हेक्टर ४० आर (१०० आर म्हणजे १ हेक्टर), जिरायत, म्हणजे कोरडवाहू. वारस चार: आई, दोन मुलगे आणि माहेरी परत आलेली परित्यक्ता मुलगी, जिला संजय गांधी निराधारचे महिना १५०० रुपये मिळतात. वारस नोंद झाली की चौघांची नावं एकाखाली एक येतात, पण क्षेत्र चार तुकड्यांत येत नाही. सामाईक खातं तयार होतं आणि चौघांच्या नावासमोर मिळून २.४० हेक्टर दिसतं. ८-अ वरही तेच. मुलीचा हिस्सा चौथा, म्हणजे ६० आर, दीड एकर. उताऱ्यावर मात्र तिच्या नावाशी सहा एकर जोडलेले दिसतात.

आता ती उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेली. दाखला तहसीलदार देतो, पण त्याखाली आधार असतो तलाठ्याच्या चौकशी अहवालाचा. तलाठी ८-अ बघतो. हिशोबापुरतं एकरी १२,००० रुपये निव्वळ उत्पन्न धरलं तर सहा एकरांचे ७२,००० होतात. दीड एकराचे १८,०००. संजय गांधी आणि श्रावणबाळसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००. आकडा १८,००० आला तर पगार राहतो, ७२,००० आला तर जातो. ग्रामीण भागात प्राधान्य यादीच्या धान्याची मर्यादा वर्षाला ४४,००० आहे. ७२,००० मध्ये तीही ओलांडली जाते. बाई तीच, जमीन तीच, फक्त कुणी हिस्सा धरला आणि कुणी अख्खं खातं धरलं एवढाच फरक.

म्हणजे निराधारचा पगार सातबाऱ्यावर नाव आल्याने थेट बंद होत नाही. तो बंद होतो उत्पन्नाच्या आकड्याने, आणि तो आकडा फुगतो सामाईक खात्याने. हे एकदा समजलं की काय करायचं तेही समजतं.

२१,००० ही मर्यादा किती तोकडी आहे ते इथे सांगायलाच हवं. दिवसाला ५७-५८ रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. मजुरीचे आठवड्यातले दोन दिवस धरले तरी माणूस या रेषेच्या वर जातो. अशा रेषेच्या इतक्या जवळ राहणाऱ्या घरात कागदावरचा चुकीचा एकर म्हणजे दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न असतो. म्हणून चुकीचा आकडा मुकाट्याने स्वीकारू नका.

उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आपले सरकारवर किंवा सेतू केंद्रात करताना नुसता सातबारा जोडून थांबू नका. सोबत एक पान लावा, साध्या कागदावर, असं: ‘गट क्र. २१४, एकूण क्षेत्र २.४० हे.आर, सामाईक वारस ४, माझा हिस्सा १/४ म्हणजे ०.६० हे.आर, जिरायत, प्रत्यक्ष वहिवाट भावाची, मला वर्षाला मिळणारं उत्पन्न रु. इतके.’ त्याखाली वारसांची वंशावळ आणि फेरफाराची प्रत. वहिवाट कुणाची हे दाखवायला ई-पीक पाहणीची नोंद चांगला पुरावा आहे, कारण पेरा कुणी नोंदवला ते तिथे दिसतं. आणि आकडा खरा लिहा. भाऊ वर्षाला दोन पोती ज्वारी देत असेल किंवा खंडाचे पैसे देत असेल तर तेही धरा. खोटा दाखला पकडला गेला तर पगार जातोच, वर वसुली मागे लागते.

एक गैरसमज फार पसरलेला आहे: ‘शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, मग ते दाखल्यात कशाला?’ आयकरात ते माफ आहे हे खरं, पण उत्पन्नाच्या दाखल्यात शेतीचं उत्पन्न धरलंच जातं. आणखी एक लक्षात घ्या. दाखला एकट्या बाईचा नसतो, कुटुंबाचा असतो. ती भावाच्या रेशनकार्डावर असेल तर भावाचं उत्पन्नही त्याच बेरजेत येतं. परित्यक्ता किंवा विधवा बहीण खरोखर वेगळी राहत असेल, वेगळी चूल असेल, तर तिचं रेशनकार्ड आधी वेगळं करून घ्या, मग दाखल्याला जा. हा क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं.

कायमचा उपाय हवा असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती असेल तर प्रत्येकाचं खातं वेगळं होतं आणि उताऱ्यावर ६० आर म्हणजे ६० आरच दिसतात. अडचण दोन ठिकाणी येते. एक, एखादा भाऊ सही देत नाही. दोन, हिस्सा तुकडेबंदी कायद्याच्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान होतो. जिरायतीला २० आर, बागायतीला १० आर ही मोजपट्टी आहे. चार आरांच्या हिश्शाचं वाटप या वाटेने होणार नाही, तिथे वर सांगितलेल्या पानावरच भिस्त ठेवावी लागते.

प्रत्येक योजनेची कसोटी वेगळी

सगळ्या योजनांना एकाच मापाने मोजू नका. काही रुपयांत मोजतात, काही एकरांत, आणि एक तर वारसालाच झुकतं माप देते.

लाडकी बहीणमध्ये सुरुवातीला पाच एकरांची अट होती. २८ जून २०२४ च्या निर्णयानंतर आठवडाभराच्या आतच ती काढली गेली. आता कसोटी कुटुंबाच्या अडीच लाख उत्पन्नाची, आणि पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. म्हणजे माहेरच्या जमिनीत नाव लागलं एवढ्याने लाडकी बहीणचे १५०० जात नाहीत. कुणी सांगत असेल तर ते जुन्या अटीवरून बोलत आहेत.

रेशनकार्डाचं माप मिश्र आहे. उत्पन्न एक लाखाच्या वर गेलं, घरात चारचाकी आली किंवा कुटुंबाकडे मिळून ४ हेक्टरपेक्षा जास्त बागायत जमीन झाली तर कार्ड पांढरं होतं. जिरायतवाल्यांनी या चार हेक्टरांना घाबरू नये. पण विहीर-बोअर झाली आणि उताऱ्यावर बागायत लागली असेल तर हिस्सा मोजून ठेवा, इथेही सामाईक खात्याचाच घोळ होतो. अंत्योदयचं ३५ किलोचं कार्ड असेल तर दुप्पट जपा, कारण ते एकदा गेलं की परत मिळणं फार कठीण.

घरकुलाचं माप सरळ एकरांत आहे. प्रधानमंत्री आवास ग्रामीणच्या सुधारित निकषांत अडीच एकर किंवा जास्त ओलिताची, अथवा पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू जमीन असलेलं कुटुंब बाद होतं. पक्कं घर असेल तरही बाद. वरच्या उदाहरणात आई आणि दोन्ही मुलगे एकाच कुटुंबात मोजले तर त्यांचे साडेचार एकर होतात, म्हणजे रेषेच्या आत. मुलीचा दीड एकर चुकून त्यांच्यातच धरला की सहा, म्हणजे बाहेर. बहिणीचा हिस्सा वेगळा दाखवणं इथे भावांच्याही फायद्याचं आहे, हे भावांना समजावून सांगा.

मुलाच्या शिक्षणासाठी केंद्राचा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला हवा असेल तर तिथेही पाच एकर शेती, १००० चौरस फुटांचा फ्लॅट, किंवा अधिसूचित नगरपालिका हद्दीत १०० चौरस यार्डांचा निवासी प्लॉट, यातलं काहीही असलं की उत्पन्न आठ लाखांच्या आत असूनही दाखला मिळत नाही. आजोबांची जमीन वडिलांच्या नावावर आली त्याच वर्षी मुलाचा प्रवेश असेल तर ही मोजणी आधी करा.

आणि पीएम किसान. इथे वारसा उलट दार उघडतो. या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ ही जमीनधारणेची अंतिम तारीख आहे. त्यानंतर खरेदी केलेल्या किंवा हयात वडिलांनी बक्षीसपत्राने दिलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही. अपवाद एकच: खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेली जमीन. म्हणून फेरफाराचा प्रकार ‘वारस’ असणं फार महत्त्वाचं. वर्षाला केंद्राचे ६००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मानचे ६०००, एका कुटुंबाला एकदाच. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. शेतकरी ओळख क्रमांक आधी काढावा लागतो. ज्या बाईला लाडकी बहीणचे १५०० मिळतात तिने मात्र हिशोब करून बघावा. किसान आणि नमोचे मिळून महिन्याला १००० पडतात, आणि ते चालू झाले की लाडकी बहीणचे ५०० च येतात. बेरीज तीच १५००. धावपळ करून हातात जास्त काही येत नाही.

हक्कसोड: इथे थांबा

‘तुझं नाव लागलं तर तुझा पगार बंद होईल, त्यापेक्षा सोडून दे.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती ओसऱ्यांवर बोललं जातं! कधी भाऊ खरोखर काळजीने म्हणतो, कधी जमिनीवर डोळा ठेवून. दोन्ही वेळा हिशोब चुकलेला असतो. महिना १५०० म्हणजे वर्षाला १८,०००. दीड एकर कोरडवाहू जमीनसुद्धा विकायला काढली तर त्याच्या कितीतरी पट मोल करते, ती कर्जाला तारण राहते, लेकरांना मिळते, आणि हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ नुसार बाईला मिळालेली मिळकत पूर्ण तिच्या मालकीची असते. पगार मात्र नियम बदलला, उत्पन्न वाढलं, वय बदललं की थांबू शकतो. जाणाऱ्या गोष्टीसाठी राहणारी गोष्ट देऊ नये. पगार वाचवायचा असेल तर वर सांगितलेला हिश्शाचा कागद आणि वेगळं रेशनकार्ड, ही वाट आधी चालून बघा.

हक्क सोडायचाच असेल, मनापासून, तर तो नोंदणीकृत हक्कसोडपत्रानेच सुटतो. तलाठ्यापुढे दिलेला जबाब, शंभराच्या स्टॅम्पवरचा मजकूर किंवा वारस अर्जातून नाव वगळणं यांनी हक्क जात नाही, फक्त पुढची भांडणं पेरली जातात. दस्त झाला की मात्र परतीची वाट जवळजवळ नसते. म्हणून आधी वारस नोंद होऊ द्या, सगळ्यांची नावं लागू द्या, हक्कसोडीचा विचार त्यानंतर, सवडीने, स्वतःच्या ओळखीच्या वकिलाला विचारून. वारस नोंद आणि हक्कसोड एकाच दिवशी उरकण्याची घाई कुणी करत असेल तर सही देऊ नका.

ई-हक्कने इथे थोडं काम केलं असतं तर किती बायका वाचल्या असत्या. वारसाचं नाव भरल्यावर ‘आपला हिस्सा इतका, उताऱ्यावर क्षेत्र सामाईक दिसेल’ एवढी एक ओळ दाखवायची आणि हिश्शाचा उतारा काढायची सोय द्यायची. वारसांची संख्या आणि नाती प्रणालीत भरलेलीच असतात, गणित यंत्रालाही येतं. हे होत नाही तोवर या सेवेला पाच गुण देणं बरोबर नाही.

२०२५ मधल्या जिवंत सातबारा मोहिमेने हा विषय आणखी तातडीचा केला. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावण्याचं काम त्या वर्षी १ एप्रिलपासून राज्यभर हाती घेतलं गेलं. मोहीम फार गरजेची होती, पिढ्यान्‌पिढ्या तुंबलेल्या नोंदी त्यातून सुटल्या. पण ज्या बायकांनी स्वतः अर्ज केला नाही, त्यांचंही नाव माहेरच्या उताऱ्यावर आलेलं असू शकतं. माहेरच्या गावचा सातबारा महाभूलेखवर नावाने शोधून बघा, तो पाहायला पैसे लागत नाहीत. नाव आलं असेल तर पुढच्या दाखल्याच्या आधी हिश्शाचा कागद तयार ठेवा, ऐनवेळी तलाठ्यासमोर गोंधळ नको.

ई-हक्कच्या कक्षेबाहेरचं

गावातलं राहतं घर ई-हक्कवर येत नाही. त्याचा उतारा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, वारस अर्जही ग्रामपंचायतीतच. घरकुलाच्या यादीत नाव असेल तर हे घर जमिनीपेक्षा जास्त महत्त्वाचं. वडिलांचं पक्कं घर चौघांच्या नावावर आलं आणि नमुना ८ वर चौघांची नावं लागली की चौघांकडेही पक्कं घर आहे असं दिसू शकतं. पडकं, मातीचं घर असेल तर नमुना ८ वर बांधकामाचा प्रकार बरोबर लिहिला आहे का ते आवर्जून तपासा. जुन्या नोंदीत मातीच्या घरापुढे ‘पक्के’ लिहिलेलं असतं, दुरुस्तीचा अर्ज त्याच वेळी द्या.

शहरातल्या जागेला मिळकत पत्रिका असते, ते काम भूमी अभिलेखच्या नगर भूमापन कार्यालयाचं. बँकेतल्या ठेवींसाठीही वारस नोंद पुरत नाही. नामनिर्देशन नसेल तर रक्कम मोठी असताना बँक न्यायालयाचा दाखला मागते. आणि ठेव हाती आली की तिचं व्याज कुटुंबाच्या उत्पन्नात येतं. रस्त्याला जमीन गेली, भूसंपादनाचा मोबदला वारसांच्या खात्यात जमा झाला, की त्याच्या व्याजानेच २१,००० ची मर्यादा सहज ओलांडते. अशा वेळी लपवू नका. तहसीलच्या संजय गांधी शाखेत स्वतः जाऊन लेखी कळवा आणि पोच घ्या. चार महिने उशिरा कळलं तर चार महिन्यांची वसुली, चार वर्षांनी कळलं तर चार वर्षांची.

शेवटचं, घाईत सगळे विसरतात ते. गेलेल्या माणसाचाच श्रावणबाळचा पगार किंवा पीएम किसानचा हप्ता चालू असेल तर मृत्यू दाखल्याची एक प्रत तहसीलला आणि एक बँकेत वारस अर्जाच्या आठवड्यातच द्या. मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम एटीएममधून काढू नका, ती परत मागितली जाते, आणि वसुलीचा तगादा ज्या घरात येतो तिथेच बहुधा विधवेचा नवा अर्ज संजय गांधी समितीपुढे असतो. मृत्यू दाखल्याच्या सुरुवातीलाच पाच-सहा मूळ प्रती काढून ठेवा: तलाठी, ग्रामपंचायत, बँक, तहसील, रेशन दुकानाचा पुरवठा विभाग, प्रत्येकाला वेगळी लागते.